बेटावरचा ताप आणि आपले गाव



पावसाळा लागला, की गावोगाव ताप येतो. एका घरात एक जण अंथरूण धरतो. आठ दिवसांनी शेजारचे दोघे पडतात, आणि महिना संपायच्या आत अर्धी आळी कण्हत असते. मग पारावर चर्चा सुरू होते. कोणी म्हणतो, हवाच बदलली. कोणी म्हणतो, विहिरीच्या पाण्याला काहीतरी झाले. आणि एखादा म्हातारा म्हणतो, "ताप तं दरसालच येते बाप्पा, त्यात काय पाहाचं?" आज मला बोलायचे आहे ते या म्हाताऱ्याच्या प्रश्नाविषयी. तापाच्या साथीत पाहण्यासारखे काय असते, आणि ते पाहायचे कोणी?

साथ उठली म्हणजे तिचा तपास करावा लागतो. ती कशाची आहे, कोठून आली, कोणाला गाठते, कोणाला सोडते, आणि तिला पसरवणारा कोण, एवढ्या गोष्टी शोधून काढाव्या लागतात. हे काम नुसत्या प्रयोगशाळेत होत नाही. त्यासाठी घरोघर जावे लागते, माणसे मोजावी लागतात, आणि रांजणात डोकावून पाहावे लागते. हे सारे नीट समजून घ्यायला बेटाचे उदाहरण फार सोयीचे पडते. बेटाला चारही बाजूंनी पाणी. घरे मोजकी, माणसे मोजकी, येण्याजाण्याच्या वाटा मोजक्या. शहराच्या गर्दीत जे हरवून जाते, ते बेटावर डोळ्यांसमोर राहते. म्हणून आधी एका दूरच्या बेटावर जाऊ आणि तेथून आपल्या नागपुरास परत येऊ.

पॅसिफिक महासागरात मायक्रोनेशिया नावाचा देश आहे. त्यात याप नावाचे बेट आहे. वस्ती साऱ्या मिळून सात हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या गावाएवढी. २००७ साली तेथील डॉक्टरांकडे एकामागून एक रुग्ण येऊ लागले. अंगावर पुरळ, डोळे लाल, सांधे दुखतात आणि बारीक ताप. डॉक्टरांना प्रथम डेंग्यूची शंका आली. जवळ असलेल्या साधनांनी रक्त तपासले, तर काही रुग्णांत डेंग्यूच असल्यासारखे दिसले. एखाद्याने तेथेच वही मिटली असती. पण या डॉक्टरांनी डेंग्यूच्या साथी पूर्वी पाहिल्या होत्या, आणि त्यांच्या मनाला हे पटेना. हा ताप काही तसा नव्हे, असे त्यांना वाटत राहिले. म्हणून त्यांनी रक्ताचे नमुने अमेरिकेतील मोठ्या प्रयोगशाळेत पाठवले. तेथे उत्तर निघाले, की हा झिका नावाचा विषाणू आहे. १९४७ साली आफ्रिकेत युगांडातील झिका नावाच्या जंगलात एका माकडाच्या रक्तात तो प्रथम सापडला होता. आफ्रिका आणि आशियाच्या बाहेर त्याने साथ उठवल्याचे तोवर कोणाला माहीत नव्हते.

नाव कळले. पण तपास येथे संपला नाही, खरे म्हणजे येथूनच सुरू झाला. तपासनिसांनी बेटावरील घरांची यादी घेतली. घरे होती १२७६. त्यांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी २०० घरे निवडली. आजाऱ्यांचीच घरे निवडली नाहीत, हे येथे लक्षात घ्या. आजारी, निरोगी, सगळी घरे त्यांत आली. घरातील माणसांना विचारले, रक्त घेतले. आणि जे आढळले त्याने सारेच चकित झाले. दवाखान्याच्या नोंदीत खात्रीचे आणि बहुधा झिकाचेच असे रुग्ण होते शंभरावर थोडे. पण रक्ताने साक्ष दिली, की तीन वर्षांवरील माणसांपैकी सुमारे ७३ टक्के लोकांच्या अंगात हा विषाणू शिरून गेला होता! हिशेब केला तर पाच हजार माणसे. त्यांतल्या बहुतेकांना काहीच झाले नव्हते. आजार जाणवला तो पाचांत एखाद्याला.

ही गोष्ट गावकऱ्यांनी मनात धरण्यासारखी आहे. आपल्याला दिसतो तो आजारी. पण धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या रक्तातही काही दिवस विषाणू असू शकतो, आणि डास चावताना आजारी आणि धडधाकट असा भेद करीत नाही. म्हणून "आमच्या घरी कोणी आजारी नाही, आमच्या रांजणाशी तुम्हाला काय करायचं?" हे म्हणणे टिकत नाही. यापच्या तपासनिसांनी रांजणही पाहिले बरे का! त्यांनी पाहिलेल्या घरांपैकी ८७ टक्के घरांत साठवणीच्या पाण्यात डासांची पिलावळ वाढत होती.

आता आपल्या नागपुराकडे वळू. १९६५ साली नागपूर शहरात तापाची मोठी साथ आली होती. त्या वेळी पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर नावाची संस्था होती. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून ती १९५२ साली स्थापन केली. आज तिलाच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणतात. नागपूरच्या रुग्णांच्या रक्ताचे नमुने या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपासले.

रक्तात विषाणू शोधायचा म्हणजे काय करायचे? विषाणू इतका सूक्ष्म, की शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसत नाही. आणि तो एकटा वाढतही नाही, त्याला जिवंत पेशी लागतात. म्हणून त्या काळी रुग्णाच्या रक्ताचा अंश उंदराच्या नवजात पिलांना टोचून किंवा काचेच्या नळीत वाढवलेल्या पेशींत घालून वाट पाहत असत. पेशी मरू लागल्या, तर समजायचे की रक्तात काहीतरी आहे. मग ते ओळखीच्या विषाणूंशी ताडून पाहायचे. येथे वेळेला फार महत्त्व असते. ताप आल्यापासून पहिले चार-पाच दिवसच विषाणू रक्तात भरपूर सापडतो. पुढे शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि विषाणू नाहीसा होतो. मग रक्तात चोर सापडत नाही, त्याच्या पावलांच्या खुणा तेवढ्या सापडतात. म्हणून डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो हा, की ताप नेमका कोणत्या दिवशी आला?

नागपूरच्या रक्तात चिकनगुनिया आणि डेंग्यू हे विषाणू आढळले. चिकनगुनिया या नावाने आपल्याकडे पुढे मोठा घोटाळा केला. २००६ साली पुष्कळांचा असा समज झाला, की हा रोग कोंबडी खाल्ल्याने होतो. कोंबडीचा आणि त्याचा काडीचाही संबंध नाही. १९५२ साली आफ्रिकेत, आजच्या टांझानियाच्या दक्षिण भागात, मकोंडे लोकांच्या मुलखात ही साथ प्रथम ओळखली गेली. त्या लोकांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ माणसाला वाकवून टाकणारा असा आहे. ज्याला हा ताप येऊन गेला, त्याला अर्थ सांगायची गरज नाही. ताप चार दिवसांत जातो, पण सांधे महिनोनमहिने धरलेले राहतात. भारतात तो १९६३ साली कलकत्त्यास आढळला, पुढल्या वर्षी मद्रासकडे, आणि १९६५ साली नागपुरात. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला त्याची अशी साथ आली, की शंभरांतील सदतीस-अडतीस माणसे आजारी पडली.

पण नागपूरच्या तपासातली खरी मोलाची गोष्ट वेगळीच आहे. तपासलेल्या नमुन्यांपैकी दोन रुग्णांच्या रक्तातून जो विषाणू निघाला, तो चिकनगुनियाही नव्हता आणि डेंग्यूही नव्हता. जगात कोणी तो पाहिलेलाच नव्हता. साथीचे उत्तर तर मिळाले होते. दोनच नमुने जुळत नाहीत, जाऊ द्या, असे म्हणता आले असते. पण भट्ट आणि रॉड्रिग्ज या शास्त्रज्ञांनी ते सोडले नाहीत. त्यांनी त्या विषाणूचा अभ्यास करून १९६७ साली तो जगापुढे मांडला. नागपूरकडच्या चांदीपुरा या गावावरून त्याचे नाव पडले चांदीपुरा.

पुढे बरीच वर्षे हे नाव बहुतांशी तज्ज्ञांच्या ग्रंथांतच राहिले. मग २००३ साली आंध्र प्रदेशात लहान मुले अचानक तापाने फणफणू लागली. झटके येत, शुद्ध हरपे, आणि एक-दोन दिवसांत खेळ आटोपे. ३२९ मुलांना हा आजार झाला, त्यांतली १८३ मुले दगावली. तपासात निघाला तो नागपूरचा चांदीपुरा! अडतीस वर्षांपूर्वी दोन माणसांच्या रक्तातून त्याची ओळख पटवून ठेवलेली होती, म्हणूनच त्याच्याशी ताडून पाहता आले. २००७ साली महाराष्ट्राच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत आणि २०२४ साली गुजरातेतही या रोगाने मुले नेली. हा विषाणू डासाने नव्हे, तर वाळूमाशीने पसरतो. डासाहून लहान असलेली ही माशी मातीच्या भिंतींच्या भेगांत राहते. म्हणून पावसाळ्यात लहान मुलाला जोराचा ताप येऊन झटके आले, तर अंगारा-धुपारा करण्यात एक तासही घालवू नका. तडक मोठे रुग्णालय गाठा.

असो. आपण चिकनगुनियाकडे परत येऊ. बार्शीनंतर भारतात तो सुमारे तीस वर्षे जवळजवळ दिसेनासा झाला. आणि २००५ साल संपता संपता आंध्र, कर्नाटक, महाराष्ट्र असा पुन्हा उसळला. २००६ या एका वर्षात देशात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्णांची नोंद झाली. तो आला कोठून? याचा माग पुन्हा बेटांवरूनच काढता येतो.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला, केनिया देशात, लामू नावाचे बेट आहे. २००४ साली तेथे चिकनगुनियाची साथ आली. आता गंमत पाहा. आपण म्हणतो, पाऊस आला की डास आले. पण लामूला त्या वर्षी पाऊस नव्हता, दुष्काळ होता. पाणी मिळेना, म्हणून लोकांनी घरोघर भांडी, टाक्या, पिंपे भरून ठेवली. ते पाणी पुरवून पुरवून वापरायचे, म्हणून भांडी रिकामी होईनात, घासली जाईनात. डासांना त्याहून चांगली जागा कोणती हवी? नंतर रक्त तपासले तेव्हा दर चार माणसांत तिघांना रोग होऊन गेलेला आढळला. लामूहून साथ कोमोरोस बेटांवर गेली, आणि तेथून २००५ साली रियुनियन बेटावर. रियुनियन हे मादागास्करच्या पूर्वेला असलेले फ्रान्सचे बेट. चांगली इस्पितळे, पक्के रस्ते, घरोघरी नळ. तरीही २००६ च्या फेब्रुवारीत एका आठवड्यात चाळीस हजारांहून अधिक माणसे आजारी पडली. बेटावरील तिसरा हिस्सा लोकांना हा ताप येऊन गेला.

पुण्याच्या शास्त्रज्ञांनी भारतातल्या नव्या विषाणूची वंशावळ तपासली. १९६३ पासून १९७३ पर्यंत आपल्याकडे आला तो आशियाई घराण्याचा होता. २००५-०६ मध्ये आला तो आफ्रिकी घराण्याचा, म्हणजे लामू-रियुनियनच्या साथीचा भाऊबंद. आणखी एक नवल कळले. २००० साली पुणे जिल्ह्यातील यवत येथे पकडलेल्या डासांतून मिळवून ठेवलेला विषाणूही याच आफ्रिकी घराण्याचा निघाला. म्हणजे मोठी साथ येण्याच्या पाच वर्षे आधीच पाहुणा गावात येऊन बसला होता.

पण समुद्र ओलांडून डास उडत आला काय? मुळीच नाही. हा रोग पसरवणारा डास म्हणजे एडिस, ज्याच्या काळ्या पायांवर पांढरे पट्टे असतात. तो फार दूर उडत नाही. जेथे जन्मला तेथून शे-दोनशे मीटर, फार तर त्याहून थोडे पुढे. समुद्र ओलांडते ते माणसाचे रक्त. तापाच्या पहिल्या दिवसांतला माणूस बोटीने, आगगाडीने, विमानाने दुसऱ्या गावी जातो. तेथला डास त्याला चावतो. काही दिवसांनी विषाणू त्या डासाच्या लाळेत उतरतो, आणि तो डास पुढल्याला चावतो. एवढाच सारा व्यवहार.

आता माझ्या म्हणण्याचे मर्म तुमच्या ध्यानात आले असेल. डासाच्या हिशेबाने पाहिले तर प्रत्येक मोहल्ला, प्रत्येक टोली हे एक बेटच आहे. यापला जे करता आले, ते आपल्या गावात करता येणार नाही असे नाही. २०२१ सालचे पुरंदर तालुक्यातील बेलसरचे उदाहरण घ्या. जुलै महिन्यात त्या गावात तापाचे रुग्ण वाढले. गावाने ते अंगावर काढले नाही. पाच नमुने पुण्याला गेले, त्यांतले तीन चिकनगुनियाचे निघाले. मग संस्थेचे पथकच तिकडे आले. बेलसर आणि परिंचे येथून त्यांनी ४१ जणांचे रक्त घेतले. पंचवीस नमुन्यांत चिकनगुनिया, तिघांत डेंग्यू, आणि एकात झिका! महाराष्ट्रातला झिकाचा हा पहिला रुग्ण. यापला जो सापडला होता तोच हा. गर्भवतीला झिका झाला तर पोटातल्या बाळाच्या मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून तो लवकर कळणे किती महत्त्वाचे ते निराळे सांगायला नको.

तर मग गावात तपासाची सुरुवात कोणी करायची? माझे उत्तर आहे, शिक्षकांनी. गुरुजी, तुमच्याजवळ एक साधन आहे, ते डॉक्टरांजवळही नाही. ते म्हणजे हजेरीपट. एरवी वर्गातली दोन-तीन मुले गैरहजर असतात. एका आठवड्यात ती दहा झाली, आणि तीही एकाच आळीची, तर ही साथीची पहिली वर्दी होय. दवाखान्यात कळण्याआधी ती तुम्हाला कळते. एक कोरी वही घ्या. आजाऱ्याचे नाव, वय, घर कोणत्या आळीत, ताप कोणत्या तारखेला आला, सांधे दुखतात का, पुरळ आहे का, झटके आले का, अलीकडे कोणी परगावाहून आले का, एवढेच लिहा. गावाचा साधा नकाशा काढून आजारी घरांवर फुली मारा. आणि कोणती घरे आजारी पडली नाहीत तेही पाहा. दिवसभर घरी असणाऱ्या बायका आणि लहान मुले अधिक आजारी असतील, तर दिवसा चावणाऱ्या डासाचा संशय घ्या. एडिस मुख्यतः दिवसा चावतो. ही वही आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना दाखवा. रोगाचे नाव ठरवणे हे त्यांचे काम. पण कोठे पाहायचे हे तुमची वही त्यांना सांगेल.

दुसरे काम मुलांचे. दर शनिवारी मुलांनी आपापल्या घरची पाण्याची भांडी विजेरी लावून पाहावीत. वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या की तेथे डासाचे घर. शंभर घरांपैकी किती घरांत अळ्या सापडल्या ते फळ्यावर लिहावे. महिनाभर आकडा कमी होतो की वाढतो ते पाहावे. गणितही होईल आणि शास्त्रही.

येथे एखादी बाई मला म्हणेल, "भाऊ, नळ चार दिवसांआड येते. पाणी भरून नाही ठेवाचं तं प्याचं काय?" तिचे म्हणणे बरोबर आहे. लामूच्या लोकांचेही हेच दुःख होते. पाणी रोज मिळाले असते, तर रांजण तुंबून राहिले नसते. म्हणून नियमित पाणी देणे हाही रोगाचा बंदोबस्तच आहे, हे ग्रामपंचायतीने आणि नगरपरिषदेने विसरू नये. पण तोवर घरात करण्यासारखे दोन उपाय आहेत. भांड्याच्या तोंडाला घट्ट कापड बांधायचे, आणि आठवड्यातून एकदा भांडे रिकामे करून आतून घासायचे. नुसते पाणी ओतून भागत नाही. एडिस आपली अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या कडेला चिकटवतो. ती अंडी कोरडी राहूनही महिनोनमहिने जगतात, आणि पाणी लागले की उघडतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. आठव्या दिवसाच्या आत भांडे घासले, तर त्याचा डाव मोडला.

आमच्या वाडीसारख्या ठिकाणी आणखी एक गोष्ट. नागपूर-अमरावती रस्त्यावर मालमोटारींची रोजची वर्दळ. जेथे मोटारी तेथे जुनी टायरे. टायरात पावसाचे पाणी कसेही टाकले तरी साचते, आणि ते सावलीत राहते. अशा जुन्या टायरांच्या व्यापारातूनच एडिसची एक जात आशियातून जहाजाने अमेरिकेत पोचली, असे तपासात आढळले आहे. तेव्हा टायरे छपराखाली तरी ठेवावीत, नाहीतर त्यांना भोके तरी पाडावीत. तसेच आपल्या विदर्भातले कूलर. उन्हाळा संपला की आपण कूलर बंद करतो, पण तळाशी पाणी तसेच राहते. ते काढून टाकून टाकी पुसून कोरडी करावी.

शेवटी आजाऱ्याविषयी. या तापांवर नेमके असे औषध नाही. विश्रांती, भरपूर पाणी, पेज आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल. डेंग्यू नाही अशी खात्री होईपर्यंत ॲस्पिरिनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. आणि पहिला आठवडाभर आजाऱ्याला दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवावे. ती मच्छरदाणी त्याच्यापेक्षा शेजाऱ्यांच्या उपयोगाची. डासाला त्याच्या रक्तातला विषाणू मिळालाच नाही, तर साथ त्या खाटेवरच थांबते.

ताप दरसाल येतो, हे पारावरच्या म्हाताऱ्याचे म्हणणे खरे आहे. पण यंदाचा ताप गेल्या सालचाच आहे की नाही, हे कोणीतरी पाहावे लागते. यापच्या डॉक्टरांनी ते पाहिले. नागपूरच्या दोन नमुन्यांत पुण्याच्या शास्त्रज्ञांनी ते पाहिले. बेलसरच्या गावकऱ्यांनी वेळीच कळवले, म्हणून तेथेही ते पाहता आले. तुमच्या गावात पुढल्या सोमवारी हजेरी घेताना, श्रोतेहो, कोण आले नाही आणि का आले नाही, एवढे विचारा आणि लिहून ठेवा.